पावसाळ्यानंतर कोकणातलं घर प्रेशर वॉशरने धुताना

कोकणात जून ते सप्टेंबर सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दसऱ्याच्या सुमारास घराभोवती फिरलात तर त्याचा हिशेब भिंतीवर दिसतो. उत्तरेची बाजू हिरवी, पागोळ्यांखालचं जोतं काळं, मागच्या दाराच्या पायऱ्या बुळबुळीत. पूर्वी हे सगळं खराटा आणि नारळाचं सोडण घेऊन घासलं जायचं. आता तालुक्याच्या गावी प्रेशर वॉशर (पाण्याची जोरदार धार, म्हणजे जेट मारणारं मशीन) भाड्याने मिळतो, मुंबईहून येणारे चाकरमानी स्वतःचं मशीन गाडीत टाकून आणतात, आणि दोन दिवसांच्या सुट्टीत घर चकाचक करायचा बेत ठरतो.

बेत चांगला आहे. पण हे मशीन ज्या माहितीपुस्तिकेसोबत येतं ती, गाडी आणि काँक्रीटचा रस्ता डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते. जांभ्याचा चिरा, चुन्याचे दरजे (चिऱ्यांमधले सांधे), मंगलोरी कौलं, जुना गिलावा यांचा त्यात उल्लेख नसतो. आमच्याकडे दरवर्षी हे काम होतं आणि वाडीतल्या चार घरीही मी हाताखाली असतो. त्यातून जे कळलं ते नवख्यांसाठी इथे क्रमाने लिहितो.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. भिंत स्वच्छ होते ती भिजवल्याने आणि शेवाळ मेल्याने. जेटचं काम फक्त सुटलेला मळ वाहून नेण्याचं. जो माणूस जोरावर विसंबतो, तो मळाबरोबर भिंतही काढतो.

१. आधी वेळ ठरवा

गणपतीला घर भरतं, म्हणून अनेकांना तेव्हाच सगळं धुवायचं असतं. त्या वेळी फक्त पायऱ्या, अंगण आणि विहिरीकडची वाट धुवा. म्हातारी माणसं आणि पोरं तिथेच घसरतात, तेवढं काम टाळू नये. भिंतींना मात्र हात लावू नका. त्या आतपर्यंत ओल्या असतात, त्यात आणखी पाणी घातलं तर आतल्या खोल्यांत ओल उतरते आणि पंधरा दिवसांत शेवाळ परत येतं.

भिंतींसाठी पाऊस परतल्यानंतरचा, दिवाळीच्या आधीचा काळ उत्तम. ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर गडगडाट करून पाऊस येतो, म्हणून काम सकाळी सुरू करा. ऊन भिंतीवर यायच्या आत ती बाजू उरकली पाहिजे. सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारी पूर्वेची. तापलेल्या भिंतीवर शेवाळाचं औषध मारलं की ते काम करायच्या आत सुकतं आणि पांढरे ओघळ राहतात.

२. घराभोवती फेरी मारा आणि काय धुवायचं नाही ते ठरवा

मशीन आणायच्या आधी हातात खडू घेऊन घराला एक प्रदक्षिणा घाला. सगळ्या कामात हीच पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि हीच बहुतेक जण गाळतात.

*गिलावा असलेली भिंत:* रुपयाच्या नाण्याने भिंतीवर जागोजागी हलकं ठोका. भरीव जागी टणक आवाज येतो, पोकळ जागी बद्द. जिथे बद्द वाजेल तिथे खडूने गोल करा. तिथला गिलावा चिऱ्यापासून सुटलेला आहे, जेट लागला तर परातीएवढा पोपडा खाली येईल. त्या जागा हाताने धुवायच्या किंवा आधी गवंड्याकडून दुरुस्त करून घ्यायच्या. भेगांचंही तेच. आधी भेग भरा, ती सुकू द्या, मग धुवा. नाहीतर जोराचं पाणी भेगेतून थेट आत जातं.

*रंग:* तळहात भिंतीवर घासा. हाताला पांढरी पूड लागली तर रंगाचा जीव संपलेला आहे आणि धुताना तो निघणारच. रंगकाम करायचंच असेल तर हरकत नाही, नसेल तर अशा भिंतीवर जेट नको. चुना किंवा सिमेंट पेंट मारलेल्या भिंतीला हा नियम दुप्पट कडकपणे लावा.

*जुना ऑइलपेंट:* खिडक्यांच्या चौकटी, दारं, कठडे यांवर जुना ऑइलपेंट पोपडे धरून असेल तर तो जेटने उडवू नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) वर नसावं हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या रंगांत शिसं भरपूर असू शकतं. उडालेले पोपडे अंगणात पडतात, तिथे रांगणारं मूल असतं, कोंबड्या टिपत असतात.

*उघडा जांभा:* चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागून वरून टणक होत जातो. म्हणजे जुन्या चिऱ्याचा कणखरपणा त्याच्या वरच्या थरात जास्त असतो. जवळून मारलेला जेट तोच थर सोलून काढतो. आतला भाग मऊ, पिवळसर आणि छिद्राळ, तो पुढच्या पावसात झिजायला लागतो. धुतल्यानंतर चिरा नवा आणि लालबुंद दिसतो, म्हणून लोक खूश होतात. तो लालपणा म्हणजे दगडाची गेलेली कातडी. उघड्या चिऱ्यासाठी जेट शेवटचा उपाय समजा. त्याआधी साधं पाणी आणि नायलॉनचा ब्रश.

*लोणा:* जोत्याजवळ चिऱ्यावर किंवा गिलाव्यावर पांढरी, हाताने झडणारी पूड दिसते ती बुरशी नव्हे, जमिनीतून वर चढलेले क्षार. त्यावर पाणी मारलं की क्षार विरघळून परत आत जातात आणि भिंत सुकताना पुन्हा वर येतात. लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढायचा. जमिनीतून ओल का चढते त्याचा बंदोबस्त वेगळा.

*कौलं:* मंगलोरी कौलांवर जेट अजिबात मारू नका. कौल वरून पडणारं पाणी खाली घालवण्यासाठी असतं. खालून किंवा बाजूने जोराचं पाणी आलं की ते कौलांच्या फटीतून रिफा, वासे आणि माळ्यावर जातं. तडकलेलं कौल फुटतं ते वेगळंच. शेवाळलेली कौलं उतरवून, ब्रशने घासून, उलटीपालटी वाळवून परत बसवणं हाच मार्ग.

*सिमेंटचे पत्रे:* गोठ्यावर, न्हाणीवर, मांगरावर जुने राखाडी पन्हळी सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना जेटही नको आणि तारेचा ब्रशही नको. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं. घासल्याने किंवा जोराच्या पाण्याने त्याचे तंतू सुटतात आणि ते फुप्फुसाला कायमचा अपाय करतात. पत्रा काळा दिसतो तर दिसू द्या.

*गडगा:* परड्याभोवतीचा चिऱ्यांचा किंवा धोंड्यांचा कोरडा गडगा धुवायच्या भानगडीत पडू नका. दगडांमधली माती निघून गेली की पुढच्या पावसात तो पोट काढतो. त्याच्यावरचं शेवाळ आणि नेचे त्याला काही त्रास देत नाहीत.

याशिवाय एसीचं बाहेरचं युनिट, सोलरच्या काचा, विजेचं मीटर, सारवलेलं अंगण आणि मातीच्या भिंती ही यादीतून सरळ वजा करा.

३. मशीन आणि सामान

घरासाठी १५०० ते १८०० वॅटचं, सिंगल फेजवर चालणारं, कमाल १०० ते १३० बार दाबाचं मशीन पुष्कळ झालं. काही मशीनवर दाब पीएसआयमध्ये लिहिलेला असतो. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय, त्यामुळे १४५० पीएसआय आणि १०० बार एकच. मोठा आकडा पाहून भुलू नका. गाड्या धुणाऱ्या सर्व्हिसिंग सेंटरमधलं मोठं मशीन मित्राच्या ओळखीने मिळत असलं तरी घराच्या भिंतीसाठी आणू नका.

दाबापेक्षा नोझलवर जास्त लक्ष द्या. पाणी पंख्यासारखं पसरवणारं नोझल हवं. सुट्ट्या नोझलच्या संचात बहुधा रंगांची खूण असते: लाल म्हणजे ०°, म्हणजे एकच धार. पिवळं १५°, हिरवं २५°, पांढरं ४०°, आणि काळं साबणासाठी. भिंतीसाठी पांढरं, काँक्रीटसाठी हिरवं. लाल नोझल डब्यातून बाहेरच काढू नका. गोल फिरत मारणारं टर्बो नोझल फक्त काँक्रीट आणि कोब्यासाठी.

भाड्याने घेत असाल तर दुकानातच चालवून पाहा. गनचा ट्रिगर सोडल्यावर मोटर बंद झाली पाहिजे, गनला लॉक असलं पाहिजे, होजला कुठे फुगवटा किंवा चीर नसली पाहिजे, आणि वायरला टेप गुंडाळून केलेला जोड नसला पाहिजे. यातलं एकही बसत नसेल तर ते मशीन घेऊ नका.

बाकीचं सामान:

- पाण्याचा अर्धा इंची पाईप, घराच्या चारही बाजूंना पुरेल एवढा, आणि दोन चांगले क्लिप
- पाणी आत जाते तिथे बसवायचा जाळीचा फिल्टर (बहुधा मशीनसोबत येतो, दुकानदार द्यायला विसरतात)
- २.५ स्क्वेअर मिलिमीटरची तीन तारांची एक्स्टेन्शन वायर, १५ अँपिअरच्या पिनसह
- बागेला औषध मारायचा हातपंप, वेगळा ठेवलेला
- लांब दांड्याचा नायलॉनचा ब्रश
- बंद बाजूंचा चष्मा, रबरी हातमोजे, गमबूट, फुल पँट
- जाड प्लास्टिक, चिकटपट्टी, जुनी गोणपाटं
- प्लास्टिकच्या दोन बादल्या आणि ब्लीचिंग पावडर

४. पाणी आणि वीज

असं मशीन मिनिटाला ६ ते ७ लिटर पाणी घेतं, म्हणजे तासाला चारशे लिटरच्या आसपास. हजार लिटरची टाकी दोन तास पुरते. उघड्या पाईपाने धुण्यापेक्षा पाणी कमीच लागतं, पण ते सलग मिळालं पाहिजे. नळ सोडून दहा लिटरची बादली लावा. एका मिनिटात भरली तर ठीक. वेळ लागत असेल तर पंप हवा ओढायला लागतो, मशीन धापा टाकल्यासारखा आवाज करतं आणि आतली सीलं जळतात. स्लॅबवरच्या टाकीचा दाब वाटतो तेवढा नसतो. टाकी १० मीटर उंच असेल तेव्हा कुठे १ बार मिळतो. पाईप बारीक आणि लांब असेल तर त्यातलाही निम्मा वाटेत जातो.

टाकी जमत नसेल तर विहिरीचं पाणी पिंपात भरून घ्या आणि मशीनने ते ओढू द्या. त्यासाठी मशीन स्वतः पाणी ओढणारं हवं, ते विचारून घ्या. पिंप मशीनच्या बरोबरीला किंवा थोडं वर ठेवा. पावसाळ्यानंतर विहिरीच्या पाण्यात बारीक गाळ असतो, तेव्हा तळाशी पाईप सोडू नका आणि फिल्टर मध्येमध्ये धुवा.

आता वीज. ओलं अंगण, ओले पाय आणि विजेवर चालणारं मशीन. इथे कसलीही तडजोड नको. १८०० वॅटचं मशीन २३० व्होल्टला ८ अँपिअरच्या आसपास करंट घेतं, त्याला १५ अँपिअरचा मोठा सॉकेट लागतो. टीव्हीच्या सॉकेटला लावलेली चपटी एक्स्टेन्शन वितळते. इन्व्हर्टरवर चालवू नका. मेन बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का पाहा, त्याचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो याची खात्री करा. नसेल तर वायरमनकडून बसवून घ्या. जुन्या घरांत अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षं कोरडा असतो, तेही त्याच फेरीत तपासून घ्या. एक्स्टेन्शनचा जोड जमिनीवर नको, पडवीत स्टुलावर कोरडा राहील असा ठेवा.

गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं. मोटर नुसती गुणगुणली आणि फिरली नाही तर लगेच बंद करा, तशीच दाबून ठेवली तर वाइंडिंग जळतं.

५. झाकाझाक

खिडक्या लावा, सरकत्या खिडक्यांच्या खालच्या पट्टीतली भोकं मोकळी आहेत का बघा. बाहेरचे दिवे, बेल, कॅमेरा, मीटरपेटी यांवर प्लास्टिक बांधा. पत्र्याच्या आणि वाशांच्या कोपऱ्यात गांधीलमाश्यांची पोळी असतात. ती आदल्या दिवशीच शोधा. गन हातात असताना गांधीलमाश्या अंगावर आल्या तर माणूस गन सोडून पळतो.

तुळस, अबोली, जास्वंद, जी झाडं भिंतीलगत आहेत त्यांना आधी भरपूर साधं पाणी घाला. माती पाण्याने भरलेली असली की औषधाचं पाणी मुळाशी कमी शिरतं. कुंड्या हलवा. तुळशी वृंदावन जुनं, चुन्यातलं असेल तर ते हातानेच धुवा.

विहीर जवळ असेल तर औषधाचं पाणी तिकडे वाहणार नाही असा मातीचा बांध घाला. विहिरीतल्या माशांना आणि बेडकांना क्लोरीन झेपत नाही.

६. शेवाळ मारायचं औषध

दुकानात महागडे क्लीनर मिळतात, पण साधी ब्लीचिंग पावडर पुरते. गावात सगळे तिला टीसीएल म्हणून ओळखतात, विहिरीत टाकतात तीच. ग्रामपंचायतीची पावडर पिण्याच्या पाण्यासाठी असते, आपली दुकानातून आणा. घट्ट बंद पिशवीतली, ताजी, नाकाला झोंबणारी हवी. उघडी राहिलेली पावडर निकामी होते.

प्लास्टिकच्या बादलीत १० लिटर पाणी घ्या आणि त्यात ३०० ग्रॅम पावडर सोडा. आधी पाणी, मग पावडर. काठीने ढवळून अर्धा तास ठेवा, गाळ खाली बसेल. वरची निवळी अलगद दुसऱ्या बादलीत ओता. वापरायची ती निवळीच. गाळ पंपाचं नोझल बंद करतो आणि भिंतीवर पांढरे डाग पाडतो.

भिंत आधी साध्या पाण्याने ओली करा. मग हातपंपाने निवळी खालून वर मारत जा. वरून खाली मारली तर कोरड्या भागावर ओघळ उतरतात आणि त्यांच्या रेघा राहतात. दहा ते पंधरा मिनिटं थांबा. वारा असेल तर मध्ये एकदा हलकं पाणी शिंपडा, सुकू देऊ नका. हिरवं शेवाळ पांढुरकं होईल, काळी बुरशी तपकिरी पडेल. दगडफुलाचे पांढरे-राखाडी गोल ठिपके मात्र एका फेरीत निघत नाहीत. त्यांना पुन्हा एकदा मारा आणि काही दिवस सोडा, मेल्यावर ते ब्रशने निघतात. खरवडायला जाऊ नका.

उघड्या चिऱ्यावर शक्यतो औषध नकोच. फारच हिरवा असेल तर निम्मं पातळ करून मारा आणि भरपूर पाण्याने धुवा.

दोन गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. पहिली, ही निवळी मशीनच्या साबणाच्या बाटलीत भरू नका, पंपाचे धातूचे भाग आणि सीलं खाऊन टाकते. दुसरी, ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र येऊ देऊ नका. संडास धुवायचं ॲसिड आणि ब्लीचिंग मिसळलं की क्लोरीन वायू तयार होतो आणि तो जीवघेणा आहे. एकाच दिवशी, एकाच बादलीत, एकाच नाल्यात हे दोन्ही नकोत. तसंही ॲसिडचं इथे काही काम नाही. चिऱ्यातलं लोह सुटून गंजाचे पिवळे ओघळ येतात, चुन्याचे दरजे विरघळतात, शहाबादी फरशी खडबडीत होते.

७. भिंत धुणं

मशीन लावायचा क्रम पाळा. पाणी जोडा, नळ पूर्ण सोडा, बटण न दाबता गनचा ट्रिगर धरा आणि आतली हवा निघून धार सलग यायला लागेपर्यंत थांबा. मग बटण. पाण्याशिवाय मोटर क्षणभरही फिरवू नका.

गन दोन्ही हातांनी धरा, ट्रिगर दाबताच ती मागे ढकलते. म्हणूनच शिडीवर चढून जेट मारायचा नाही. एकमजली घराची भिंत लांब दांडीने जमिनीवरून होते. माडीच्या वरच्या भागासाठी परांची बांधणारे लोक बोलवा, तिथे पैसे वाचवू नका. दांडी धातूची असेल तर खांबावरून घरात येणाऱ्या वायरवर नजर ठेवा.

आधी मागच्या बाजूला, लोकांच्या नजरेआड, हातभर जागेवर करून पाहा. चार फुटांवरून सुरुवात करा आणि मळ निघेपर्यंत हळूहळू पुढे व्हा. रंगवलेल्या गिलाव्याला दीड फुटाच्या आत जाऊ नका, उघड्या चिऱ्याला तीन फुटांच्या. मग खाली वाहणारं पाणी बघा, तेच तुम्हाला सगळं सांगतं. काळं-हिरवं पाणी वाहतंय तोवर मळ निघतोय. लालसर झालं की चिरा निघतोय, पांढरट झालं की रंग किंवा चुना. लगेच मागे सरका. तीन फुटांवरूनही पाणी लाल येत असेल तर त्या भिंतीचं जेटचं काम तिथेच संपलं, पुढे ब्रश.

अंतर ठरलं की वरून खाली या. धार भिंतीला काटकोनात नको, थोडी तिरकी, खालच्या दिशेला. एका जागी थांबायचं नाही. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढू द्या, नाहीतर सुकल्यावर भिंतीवर पट्टे दिसतात. चिऱ्यांच्या दरज्यांत सरळ धार मारू नका, मातीत किंवा चुन्यात बसवलेल्या जुन्या भिंतीचा दरजा बघता बघता रिकामा होतो. पागोळीच्या खाली पोचल्यावर धार वर वळवायचा मोह होतो. तो आवरा, तिथून पाणी थेट कौलांखाली जातं. वाशांची जळमटं झाडूने काढा.

आणि माणसांबद्दल. हा जेट कातडी फाडून आत जातो. चप्पल घालून, लुंगी नेसून हे काम करायचं नाही, मशीनने स्वतःचे पाय धुवायचे नाहीत, मुलांना गन द्यायची नाही, कुत्र्याला किंवा गुराला त्याने आंघोळ घालायची नाही. चुकून हाताला-पायाला जेट लागला आणि टाचणीच्या टोकाएवढंच भोक दिसलं तरी घरी हळद दाबून बसू नका. पाणी आणि घाण आत खोलवर पसरलेली असते, काही तासांत बोट गमवायची वेळ येऊ शकते. ताबडतोब सर्जन असलेल्या दवाखान्यात जा आणि ‘प्रेशर वॉशरचं पाणी आत शिरलंय’ हे शब्द स्पष्ट सांगा, कारण जखमेकडे नुसतं पाहून तिची खोली कळत नाही. डोळ्यात औषध उडालं तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवून मग डॉक्टर.

मध्ये चहाला थांबलात तर मोटर बंद करा, गन लॉक करा. नुसता ट्रिगर सोडून मशीन चालू ठेवलं तर आत दाब तसाच असतो.

८. पायऱ्या आणि अंगण

इथे मशीन खरं कामाला येतं. काँक्रीटच्या पायऱ्या, कोबा, सिमेंटची वाट यांना हिरवं नोझल, अर्ध्या ते एक फुटावरून. सरळ पट्टे ओढा, घाई केली तर सुकल्यावर वळ्या दिसतात. घराकडून बाहेर, उताराच्या दिशेने या.

पेव्हर ब्लॉकमधली कच जेटने उडते. धार सांध्याला आडवी ठेवा, आणि सगळं सुकल्यावर बारीक कच पसरून झाडूने सांध्यांत भरा. ती भरली नाही तर ब्लॉक हलतात आणि फटीतून गवत येतं. शहाबादीला पांढरं नोझल. जांभ्याच्या पाखाडीला (दगडी पायवाटेला) खराटा आणि पाणी, जेट नको. पाखाडीवरच्या चिऱ्याचा खडबडीतपणा घसरण्यापासून वाचवतो, तो घालवू नका.

निघालेला गाळ गटारात किंवा शेजाऱ्याच्या परड्यात ढकलू नका. ब्लीचिंग मारलेलं पाणी वाहून गेल्यावर खाली उरलेला चिखल फावड्याने गोळा करून खड्ड्यात टाका.

९. धुऊन झाल्यावर

झाडांना पुन्हा साधं पाणी घाला, पानांवरूनही. प्लास्टिक लगेच काढा, आत वाफ धरते. खिडक्यांच्या आतल्या बाजूला पाणी आलंय का बघा, आलं असेल तर त्या खिडकीची कड भरायची आहे असं लिहून ठेवा.

रंग द्यायचा असेल तर घाई करू नका. रंगारी दुसऱ्या दिवशी प्रायमर मारायला तयार असतो, त्याला थांबवा. आपल्या दमट हवेत चांगलं ऊन असलं तरी आठवडाभर द्या. खात्री करायला दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे. ओल्या भिंतीवरचा रंग पुढच्या पावसाळ्यात फुगे धरतो.

शेवाळ ज्या जागी दाट होतं तिथे वर बघा. पन्हळ गळत असेल, फणसाची फांदी ऊन अडवत असेल, नाहीतर पागोळी थेट जोत्यावर पडून उडत असेल. फांदी छाटा, पन्हळ बदला, पागोळीच्या रेषेत खडी पसरा म्हणजे चिखल भिंतीवर उडणार नाही. हे केलं तर पुढच्या वर्षी त्या भिंतीला फक्त ब्रश पुरतो.

मशीन ठेवताना बटण बंद, नळ बंद, मग ट्रिगर दाबून उरलेला दाब सोडा. होज काढून पाणी पूर्ण निथळू द्या, फिल्टर धुऊन वाळवा. होज वेटोळं करून माळ्यावर टाकू नका, उंदीर कुरतडतात. खुंटीला टांगा. भाड्याचं मशीन असेल तर परत देताना दुकानदारासमोर एकदा चालवून दाखवा आणि डिपॉझिट तिथल्या तिथे घ्या.